बाबांसाठी ठेवलेली पंधरा मिनिटं

भिलाईत नेहरू नगरच्या ज्या कोचिंग क्लासमध्ये मी केमिस्ट्री शिकवत होते, तिथे नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात वेळेच्या नियोजनावर एक तास असायचा. तो तास घेणं माझ्याकडे होतं. फळ्यावर मी दिवसाचे चोवीस चौकोन आखायची आणि मुलांना विचारायची, यातले किती चौकोन तुमचे, किती मोबाइलचे? मुलं हसायची. पाठीमागे ती मला 'टाइमटेबल मॅडम' म्हणतात हे मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं. घरी फ्रिजवर माझाही कागद चिकटवलेला असे. सकाळी साडेपाचपासूनची सगळी कामं त्यात पाव-पाव तासाने लिहिलेली. मी त्या कागदाप्रमाणे चालायची. त्यामुळे आपण शहाण्यासारखं जगतो आहोत असं मला वाटायचं.

माझे बाबा ऐन विशीत भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून छत्तीसगढात, भिलाईला आले. तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागले आणि रेल्वेचे रूळ बनतात त्या मिलमध्ये शिफ्टा करत निवृत्त झाले. आई गेल्यावर ते सेक्टरमधलं क्वार्टर सोडून आमच्याकडे, शेजारच्या दुर्गला पद्मनाभपुरात राहायला आले. माझा नवरा रसमड्याच्या एका कारखान्यात आहे, त्याच्याही शिफ्टा. मुलगी शिकायला बाहेरगावी. म्हणजे घरात दिवसभर बाबा एकटे. मी घरात पाऊल टाकलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "बस ना, बाई, जरा." बाई म्हणजे मीच. लहानपणापासून ते मला अशीच हाक मारत.

"आली बाबा, दहा मिंटात," मी म्हणायची.

ती दहा मिनिटं कागदावर कुठेच नव्हती.

त्या दिवशी सकाळी पावणेसातला मी निघायच्या घाईत होते. नवरा रात्रपाळी करून येऊन नुकताच झोपला होता. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोरच्या कपाकडे बोट करून ते म्हणाले, "बाई, ते दे ना. ते... पंखा."

मला हसू आलं. "पंखा नाई बाबा, चाय म्हणा."

"हाव. पंखा," ते म्हणाले आणि स्वतःच गोंधळून आपल्या उजव्या हाताकडे पाहू लागले. मी कप त्यांच्या पुढ्यात सरकवला. ते म्हणाले, "बस ना. मले कसं तरी..."

"बाबा, सव्वासातची बॅच आहे. आल्यावर बसू ना आपण." स्कूटीची चाबी माझ्या हातात होती. दारातून मी मागे वळून पाहिलं की नाही हे मला कितीही आठवलं तरी आठवत नाही.

नवरा अकराला उठला तेव्हा बाबा त्याच खुर्चीत होते. चहा मांडीवर सांडलेला, तोंड उजवीकडून लोंबलेलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, शेवटचे ते नीट कधी होते? मी म्हणाले, रात्री जेवताना. मग पंख्याचं सांगितलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. लकव्याच्या पहिल्या काही तासांत देता येईल असं एक इंजेक्शन असतं, ते म्हणाले, पण आता ती वेळ निघून गेली होती. ते रागावले नाहीत. नुसतं लिहून घेतलं. बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला मी पंख्याचं सांगितलं नाही. पुढे कित्येक महिने सांगितलं नाही.

बाबांचा जीव वाचला. पाय थोड्या दिवसांनी जमिनीवर ठरू लागला. उजवा हात मात्र लोंबतच राहिला आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. डोळे आपल्या बोलण्यामागे बरोबर फिरायचे. पण तोंडातून "नाई" आणि "ते" एवढेच दोन शब्द बाहेर पडायचे. दवाखान्यातून सोडताना सांगितलं होतं की सुरुवातीचे सहा महिने फार महत्त्वाचे. बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे आठवड्यातून दोनदा न्या आणि घरी रोज त्यांच्याशी भरपूर बोला.

मी नवा कागद केला. यावेळी त्यात बाबांचा वेगळा रकाना होता. औषधं, व्यायाम, आंघोळ, जेवण. त्यांना सांभाळायला दिवसभरासाठी एक बाई ठेवली. ती जवळच्याच गावची, छत्तीसगढी बोलणारी, हाताने हळुवार. आम्ही तिला दीदी म्हणायचो. बोलायला शिकवणाऱ्या बाईंचं क्लिनिक नेहरू नगरलाच, माझ्या क्लासपासून चालत दहा मिनिटांवर होतं. पण त्यांनी दिलेली वेळ मंगळवार-शुक्रवार साडेचारची आणि माझी बारावीची बॅच चार ते सहा. म्हणून दीदी बाबांना ऑटोने घेऊन जायची. पहिल्या दिवशी भरायचा फॉर्म तेवढा तिने घरी आणला होता. तो मी उत्तरपत्रिका तपासता तपासता भरून दिला.

आणि रोज संध्याकाळी सात दहा ते सात पंचवीस, ही पंधरा मिनिटं बाबांशी बोलायची होती. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसायची. "बाबा, हे काय? हे सांगा." चमचा, पेन, चष्मा. बाबा ओठ हलवायचे. कधीकधी तोंडाशी आलेला शब्द मला दिसायचा, घशात काहीतरी चढत असल्यासारखा. पण तो बाहेर यायला इतका वेळ लागायचा की मी मनातल्या मनात पुढच्या कामावर पोचलेली असायची. एकदा मी घड्याळाकडे पाहिलं तेव्हा त्यांनी आपला डावा हात पुढे करून माझ्या मनगटावर ठेवला, घड्याळ झाकून. मी थोडा वेळ तसाच राहू दिला. मग अलगद उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पोळ्या करायला गेले.

नवरा एकदा जेवताना म्हणाला, "अगं, बाबा थोडं थोडं बोलतात माझ्याशी. काल सैपाकघरात आले अन् वरणाच्या भांड्याकडे पाहून म्हणाले, गंज."

"नंतर सांगा ना," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशीचा पेपर काढायचा होता.

अकराव्या आठवड्यात एका शुक्रवारी क्लासच्या इमारतीत लाइटचं काहीतरी बिघडलं आणि संध्याकाळची बॅच रद्द झाली. पहिल्यांदाच मी क्लिनिकला गेले. बाबा टेबलाशी बसले होते, दीदी त्यांच्या मागे. शिकवणाऱ्या बाई वयाने लहान, हसऱ्या, रायपूरकडच्या. मला पाहून बाबांचा चेहरा असा काही फुलला की मला मान खाली घालावी लागली.

बाईंनी चित्रांची कार्डं काढली. पहिल्यावर बटाटे होते.

"आलू," बाबा म्हणाले. स्पष्ट.

"बहुत बढ़िया, बाबूजी!"

मी चकित झाले. दुसऱ्या कार्डावर दोन बैल जुंपलेली गाडी होती. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या, डावा हात टेबलावर घट्ट दाबला. कितीतरी वेळ गेला. मग शब्द आला. "बंडी."

"नहीं बाबूजी. बैलगाड़ी. बंडी तो पहनते हैं ना?" बाई प्रेमानेच म्हणाल्या. दीदीही हसली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मला बोलायला हवं होतं, पण काय होतं आहे ते अजून नीट माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. तोवर तिसरं कार्ड समोर आलं. हिरव्या पानांची जुडी.

"सां..." बाबा म्हणाले. "सां... बार."

"सांभर नहीं, बाबूजी. धनिया. बोलिए, ध-नि-या."

"सांबार," बाबा पुन्हा म्हणाले, आता हळू आवाजात, आणि मान खाली घातली.

मी उठून उभी राहिले. "मॅडम, ते बरोबर बोलून राहिले," मी म्हणाले, आणि आपण मराठीत बोललो हे लक्षात आल्यावर हिंदीत सांगितलं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. बैलगाडीला बंडी म्हणतात. ते चुकत नाहीयेत, ते आमच्या घरच्या भाषेत बोलत आहेत.

बाईंच्या हातातलं कार्ड तसंच राहिलं. "लेकिन फॉर्म में तो..." म्हणत त्यांनी फाइल उघडली.

मी ती फाइल पाहिली. प्रत्येक दिवसाचं एक पान. चित्राचं नाव, त्यापुढे बाबांचं उत्तर, त्यापुढे बरोबर किंवा चूक. कंगव्याच्या चित्रापुढे फणी, चूक. पातेल्यापुढे गंज, चूक. साडीपुढे लुगडं, चूक. लहान मुलापुढे लेकरू, चूक. जे शब्द योगायोगाने हिंदीतही तेच होते, आलू, झाडू, खिडकी, तेवढ्यांपुढेच बरोबरची खूण. पहिल्या तीन-चार पानांवर उत्तरांची रांग भरलेली होती. मग ती विरळ होत गेली होती. शेवटच्या पानांवर बहुतेक ठिकाणी एकच वाक्य होतं, उत्तर नहीं दिया.

बाबांची बोली परत येत होती. ती येत असताना आठवड्यातून दोनदा त्यांना सांगितलं जात होतं की हे चूक आहे. आयुष्यभर प्लांटमध्ये ज्यांनी हिंदीत काम केलं त्यांच्या डोक्यातून हिंदी पुसली गेली होती आणि खालची, आईकडून मिळालेली भाषा शिल्लक राहिली होती. ते हळूहळू गप्प झाले होते. मी समजत होते की आजार वाढतो आहे.

फाइलच्या पहिल्या पानावर फॉर्म होता. 'घरी बोलली जाणारी भाषा' यापुढे निळ्या शाईत, माझ्या अक्षरात, 'हिंदी'. इथे सगळे तसंच लिहितात. मीही कितीतरी फॉर्मांवर लिहिलं आहे, शाळेच्या, बँकेच्या, हात थांबवून विचार करावा इतका वेळही त्याला लागत नाही.

बाईंचे डोळे भरून आले. "मैडम, मुझे कैसे पता चलता?" त्या म्हणाल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळेपासून तुम्ही या, मला हे शब्द शिकवा.

परत येताना ऑटोत मी बाबांच्या शेजारी बसले होते. मला त्यांची माफी मागायची होती, पण दीदीसमोर जीभ उचलेना. बाबा बाहेर पाहत होते. ते रागावलेले नव्हते, आणि तेच मला सहन होईना.

सोमवारी मी क्लासच्या मालक सरांना सांगितलं की संध्याकाळची बॅच सोडते. ते म्हणाले, "मैडम, बोर्ड सिर पर है." मी म्हणाले, मला माहीत आहे. एवढंच म्हणाले आणि निघाले. मुलांचं नुकसान झालं, तेही खरं आहे. ती मुलं माझ्यावर विसंबून होती.

आता माझ्याकडे वेळ होता आणि सहा महिन्यांतले जवळजवळ तीन गेले होते. मी वेड्यासारखी मागे लागले. घरातल्या प्रत्येक वस्तूचं चित्र काढलं, आमच्या बोलीतली नावं मागे लिहिली. सकाळी चहाआधी वीस कार्डं, आंघोळीनंतर तीस, जेवणानंतर वाक्यं, दुपारी उजळणी. बाबा डुलकी घेत असले तर मी त्यांना उठवायची. एखादा शब्द काल आला होता आणि आज आला नाही की मी ते कार्ड पुन्हा पुन्हा पुढे धरायची. मी त्यांच्या तोंडाकडे असं पाहायची जसं मुलं निकालाच्या यादीकडे पाहतात.

दोन-अडीच आठवडे त्यांनी ऐकलं. मग एका दुपारी त्यांनी तोंड फिरवलं. मी खुर्ची दुसऱ्या बाजूला नेली. "बाबा, हे एवढं सांगा. एवढंच." त्यांनी डाव्या हाताने कार्डांचा गठ्ठा ढकलला, सगळी कार्डं फरशीवर पसरली.

"नाई," ते म्हणाले. "नाई. नाई. नाई."

"टाइम नाई आहे आपल्यापाशी, बाबा!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. "तुमाले समजून कावून नाई राहिलं?"

बाबा रडायला लागले. आवाज न करता, तोंडाच्या एकाच बाजूने. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. नवरा कामावर निघायच्या तयारीत होता, तो बुटाची एक लेस सुटलेली तसाच आत आला. त्याने आधी कार्डं गोळा केली. मग मला सैपाकघरात नेऊन म्हणाला, "तू त्यायची क्लास घेऊन राहिली. त्यायले कोणी गोष्टी करणारं पायजे."

"तुम्हाला काय माहीत!" मी म्हणाले आणि मग पंख्याची गोष्ट तोंडातून निघाली. सगळी. चहा, चाबी, सव्वासातची बॅच. तो ओट्याला टेकून ऐकत राहिला. मला वाटलं होतं तो काहीतरी म्हणेल, तुझी चूक नाही असं. तो तसं म्हणाला नाही. मग सुटलेली लेस बांधायला वाकला आणि म्हणाला, "मी पण तिथीच होतो. बाजूच्या खोलीत झोपून होतो." त्याला त्या दिवशी कामावर पोचायला उशीर झाला.

त्यानंतर मी कार्डं कपाटात ठेवली. काय करावं हे मात्र समजेना. वेळ होता आणि तो कशात घालावा ते माहीत नव्हतं. ती सवयच गेली होती माझी. बाबांशेजारी नुसतं बसलं की पाच मिनिटांत माझे पाय हलायला लागायचे. त्यांनाही ते दिसायचं.

थंडीत दीदीने गावाकडून तिवऱ्याची भाजी आणली. लाख डाळीचा कोवळा पाला तो, आमच्याकडे त्याला लाखोरी म्हणतात. भलीमोठी पिशवी होती. मी ती व्हरांड्यात उन्हात पसरून निवडायला बसले आणि बाबांची खुर्ची जवळ घेतली, एवढंच. त्यांना काही विचारलं नाही. त्यांनी वाकून एक डहाळी डाव्या हातात घेतली, वास घेतला.

"लाखोरी," ते म्हणाले.

"हाव बाबा."

भाजी अर्धी निवडून झाली तेव्हा पुढचा शब्द आला. "माय." मग खूप वेळाने, "बांधीत." बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत. मी हात चालू ठेवला, मान वर केली नाही. वर पाहिलं तर ते थांबतील अशी भीती वाटत होती. मग त्यांनी डाव्या हाताने हवेत खुडल्यासारखं केलं, एकदा, पुन्हा, आणि म्हणाले, "पदर... भर." त्यांची आई धान निघाल्यावर बांधीतली लाखोरी पदरभर खुडून आणायची, एवढं सांगायला त्यांना पाऊण तास लागला असेल. पुढेही काहीतरी होतं. ते "अन्... अन्..." करत राहिले, कपाळावर घाम आला, पण ते आलं नाही. मी थांबले. खरोखर थांबले, ऊन पायरीवरून उतरलं तरी. आलं नाही. शेवटी त्यांनी हात हलवला, जाऊ दे म्हणून. ते पुढचं काय होतं हे बाबांशिवाय सांगणारं आता दुसरं कोणीच नाही.

त्याच दिवशी मी त्यांना विचारलं होतं, "बाबा, त्या दिवशी सकाळी तुमी मले काय सांगून राहिले होते?" त्यांनी बराच विचार केला आणि मान हलवली. आठवत नाही की सांगता येत नाही, तेही मला कळलं नाही.

सहा महिने झाल्यावर मी क्लिनिकमध्ये बाबांना बाहेर बसवून बाईंना एकटीने भेटले. त्या तोवर आमची बोली बऱ्यापैकी शिकल्या होत्या, बाबांना "सांबार पायजे का?" विचारायच्या आणि बाबा हसायचे. मी त्यांना विचारलं, "मी त्या फॉर्मवर मराठी लिहिलं असतं, पहिल्या आठवड्यापासून इथे येऊन बसले असते, तर ते आज जास्त बोलले असते का?"

त्यांनी हातातली फाइल बंद केली. काहीतरी गोड बोलून मला वाटेला लावणं सोपं होतं. "शायद," त्या म्हणाल्या. "पक्का नहीं कह सकती. पर शायद हाँ."

त्या खरं बोलल्या म्हणून मी त्यांचे आभार मानले. बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले, बाबांसमोर जाण्यासारखा चेहरा होईपर्यंत.

याला आता दोन वर्षं होत आली. मी फक्त सकाळच्या दोन बॅच घेते. दुपारनंतर घरी असते. लोक म्हणतात, बरं केलंस, आता तुझं आयुष्य कसं मोकळं, तोलून-मापून झालं. बाबांकडे थोडे शब्द आहेत, बहुतेक खाण्याचे आणि शेतातले. मला ते बाई म्हणत नाहीत. तो शब्द अजून आलेला नाही. मी आत आले की ते नुसते पाहतात आणि शेजारच्या खुर्चीवर हात ठेवतात. काही दिवशी दिवसभरात एकही शब्द येत नाही आणि मी तिथे बसून असते, आणि मनात तेच चालू असतं, की हा वेळ मी ज्यासाठी मोकळा केला ते निघून गेल्यावर मोकळा केला. मन शांत झालं असं मी लिहिणार नाही. झालं नाही.

काल संध्याकाळी बाबांना कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत जायचं होतं. धडधाकट माणसाला दोन मिनिटं लागतात. आम्ही निघालो, ते काठी टेकत, मी त्यांच्या उजव्या बाजूला. ठेलेवाला लांबूनच ओरडला, "कैसे हो, बाबूजी?"

बाबा थांबले. रस्त्याच्या मधोमध. मागून एक कार येऊन उभी राहिली, हॉर्न वाजवू लागली. मी हात वर करून तिला थांबवून धरलं. बाबांचे ओठ हलत होते, मान ताठ झाली होती. हॉर्न पुन्हा वाजला. मी त्यांना बाजूला ओढलं नाही.

"बरा आहो," ते म्हणाले.

ठेलेवाल्याला कळलं की नाही कोण जाणे, त्याने मान डोलावली. मग आम्ही हळूहळू कडेला झालो आणि कार निघून गेली.